चार शिलिंगांचा बंदोबस्त

डिसेंबरात फ्रान्समधल्या अल्सास प्रांतात मराठी ग्रुप नेणाऱ्या कुठल्याही टूर मॅनेजरला विचारा, स्ट्रासबर्गमधून माणसं परत बसमध्ये चढवणं हेच सगळ्यात अवघड काम. प्लास क्लेबेर चौकातलं ते तिसेक मीटर उंच नाताळचं झाड. त्यापुढे आधी एकट्याचा फोटो, मग जोडीने, मग ज्यांची कालपर्यंत ओळखही नव्हती त्यांच्यासोबत. त्या दिवशी मात्र गाडी वेळेत सुटली आणि कोल्मारच्या वाटेवर सेलेस्ताला थांबायला चांगली सवड मिळाली.

गाडीत एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी माइक मागून घेतला आणि सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याची गोष्ट रंगवून सांगितली. नाताळच्या आदल्या रात्री तो रानातून घरी चालला होता, फर वृक्षांच्या फांद्यांतून चांदण्या लुकलुकताना पाहून भारावला, झाड घरी आणलं, त्यावर मेणबत्त्या लावल्या आणि प्रथा पडली. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, "बाई, पण झाड तोडलं कुणाच्या परवानगीने?"

विचारणारे चंद्रपूरकडे वनखात्यात रेंजर होते. बस हसली, साहेब हसले नाहीत.

सेलेस्ता लहानसं गाव. तिथली ह्युमॅनिस्ट लायब्ररी जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीत आहे. बेआटुस रेनानुस या विद्वानाने १५४७ साली मरताना आपली पुस्तकं गावाला दिली, ती इथे जपली आहेत. पण नाताळात लोक इथे येतात ते गावच्या १५२१च्या हिशेबवहीसाठी. तिच्यात जर्मन बोलीत एका ओळीची नोंद आहे : संत थॉमसच्या दिवशी, म्हणजे २१ डिसेंबरला, झाडांची राखण करणाऱ्या वनरक्षकांना चार शिलिंग. नाताळच्या झाडाच्या सगळ्यात जुन्या लेखी पुराव्यांत ही ओळ धरतात.

मी अर्थ सांगितला. ग्रुपचे चेहरे पडले. इतक्या लांब येऊन खर्चाची नोंद बघायची? रेंजरसाहेब मात्र काचेला नाक लावून उभे राहिले.

"हा बंदोबस्त आहे," ते म्हणाले. "एखाद-दुसरं झाड गेलं म्हणून कुणी पैसे खर्ची टाकत नाही. लोक दरवर्षी नेत असणार, ठराविक दिवसांत नेत असणार, तेव्हा कुठे तारीख धरून माणसं लावावी लागतात. म्हणजे प्रथा या वहीच्या आधीची."

मी गाइड म्हणून ही ओळ अनेकदा वाचून दाखवली होती, पण हिशेबाच्या ओळीतून इतकं सरळ अनुमान काढणारा प्रवासी मला पहिल्यांदाच भेटला. आणि ते थांबेनात. होळीच्या आधी आम्ही हेच करायचो, म्हणाले. रात्रीची गस्त, नाक्यावर ट्रॅक्टर तपासायचे, आणि पकडलेला पोरगा नेमका सरपंचाचा पुतण्या निघायचा.

बाईंनी हार मानली नव्हती. "मग ल्यूथरचं काय?"

मी तारखा मांडल्या. १५२१च्या एप्रिलमध्ये ल्यूथर वर्म्स शहरात आपल्या मतांचा जाब द्यायला सम्राटासमोर उभा होता आणि वर्षअखेरीस वार्टबुर्गच्या किल्ल्यात, दाढी वाढवून, नाव बदलून लपला होता. तोवर इथे झाडांवर राखण बसली होती. शिवाय त्याच्या हयातीतल्या कुठल्याच कागदात या झाडाचा उल्लेख नाही. ती गोष्ट फार पुढे, १९व्या शतकातल्या चित्रांनी लोकप्रिय केली. बाई म्हणाल्या, "असू दे, मुलांना सांगायला बरी आहे." त्यावर वाद घालायचं मला काही कारण दिसलं नाही.

संत जॉर्ज चर्चमध्ये मात्र सगळेच खूश झाले. तिथे कमानींखाली झाडं अधांतरी टांगतात, काळानुसार सजावट बदलत जाणारी. सुरुवातीचं झाड सफरचंदांचं. २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वेचा दिवस. त्या दिवशीच्या नाटकांत स्वर्गातलं फळ लटकवलेलं झाड लागायचंच. १६०५च्या स्ट्रासबर्गच्या एका वर्णनात रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पापड्या आणि साखरेची मिठाई घरातल्या झाडांवर दिसते. त्याच शहरातल्या डानहाउअर या धर्मपंडिताने पुढे कुरकुर केली की हा पोरखेळ कुठून आला कळत नाही, मुलांना त्यापेक्षा ख्रिस्ताकडे वळवा. काचेच्या गोळ्यांबद्दल इथले लोक १८५८च्या दुष्काळाची गोष्ट सांगतात : सफरचंदं पिकली नाहीत, म्हणून मायझेनथालच्या काचकारागिराने काचेची केली. जर्मनीत थुरिंगियातल्या लाउशा गावात असे गोळे त्याआधीपासून फुंकत होते, पण अल्सासमध्ये उभं राहून हे मोठ्याने बोलू नये.

राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट यांचं नाताळच्या झाडाभोवतीचं १८४८चं चित्र आणि त्यानंतर इंग्लंड-अमेरिकेत झालेला प्रसार मी दोन वाक्यांत उरकला. पुढे बसमध्ये माइक रेंजरसाहेबांकडेच होता.

कोल्मारला रस्त्याकडेला जाळीत गुंडाळलेली झाडं विकायला होती. साहेबांनी मला दुभाष्या करून विक्रेत्याला गाठलं : कुठल्या जंगलातली? तो म्हणाला, जंगलातली नाहीत, नॉर्डमन फर आहे, शेतात लावून वाढवलेली.

"म्हणजे शेतमाल," साहेब म्हणाले. "मग वाहतूक पास लागत नाही." आणि लगेच त्यांनी भाव विचारला.