आजींच्या तांब्यातलं पाणी

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. कॉलेजच्या प्रदर्शनात माझ्या टेबलावर ऱ्होडामिन बी हायड्राझाइडचं द्रावण होतं. एरवी बिनरंगी. पाण्यात तांब्याचे आयन असले की ते या रेणूतला हायड्राझिनचा तुकडा तोडतात, मिटलेलं कडं उघडतं आणि मोकळं झालेलं ऱ्होडामिन हे रंगद्रव्य गुलाबी दिसतं, अतिनील दिव्याखाली नारिंगी चमकतं. रसायनशास्त्रज्ञ अँथनी झार्निक आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलेली ही करामत मला अजूनही जादूसारखी वाटते.

एक आजी नातवाला घेऊन आल्या. "सर, रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी हाय. बघा की." थोड्या वेळात नळी गुलाबी! मी ऐटीत सांगितलं, "तांबं आहे." गर्दीतून कुणीतरी विचारलं, "म्हणजे इख?"

तेवढ्यात नातवाने प्लास्टिकच्या बाटलीतलं लिंबूपाणी पुढे केलं. "ह्यात पण टाका." ते तर आणखी गडद गुलाबी!

माझे कान तापले. सकाळी घाईत द्रावणात बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारं मिश्रण, घालायचंच राहिलं होतं. आम्लानेही तेच कडं उघडतं. आणि ब्लँक, म्हणजे तांबं नसलेला तुलनेचा नमुना, लावला नाही म्हणून पोरांचे मार्क कापणारा मीच.

आजींना खुर्ची दिली आणि प्रयोगशाळेतून बफर आणि धातूचे आयन पकडून ठेवणारं ईडीटीए घेऊन आलो. सामू ७ वर आणताच लिंबूपाण्याचा रंग उतरला, कारण तिथे कडं फक्त उघडलं होतं, तुटलं काहीच नव्हतं. आजींच्या नळीचा रंग हलला नाही. सुटलेलं ऱ्होडामिन परत मिटत नाही. त्यांच्या तांब्यातलं आणखी थोडं पाणी घेऊन त्यात आधी ईडीटीए घातलं, त्याने तांबं धरून ठेवलं, मग माझं द्रावण टाकलं. रंग आलाच नाही. म्हणजे तांबं खरंच होतं.

किती, ते डोळ्यांनी सांगणं बरं नव्हे. चमक मोजणाऱ्या फ्लुओरोमीटरवर तांब्याचं प्रमाण माहीत असलेल्या द्रावणांशी ताडून पाहिलं: लिटरला ०.१ ते ०.५ मिलिग्रॅमच्या मध्ये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ०.०५ ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. "इख नाही," मी म्हटलं, "पण आंबट काही यात ठेवू नका. आंबटाने तांबं जास्त सुटतं."

आजींनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "बिनकल्हईच्या भांड्यात ताक कुणी ठेवतं व्हय?"