एचओ घेऊ की ओ? आधी गाडी मोजा

टोरांटोला राहतो आणि बेसमेंटमध्ये मॉडेल ट्रामचा लेआउट आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, एचओ घेऊ की ओ (मॉडेलची दोन मापं, एचओ लहान, ओ मोठं), कुठली स्ट्रीटकार, म्हणजे ट्राम, जास्त अचूक? परवा तुम्हीही विचारलंत म्हणून नीट बसून लिहितोय.

सगळे सांगतात एचओ घ्या, कारण १:८७ ला साडेसोळा मिलिमीटरचा रूळ म्हणजे खऱ्या रेल्वेचा १४३५ मिमी गेज, दोन रुळांमधलं अंतर, बरोब्बर येतो, आणि ओ मध्ये १:४८ ला सव्वा इंचाचा रूळ म्हणजे पाच फूट, १५२४ मिमी, म्हणून तो चुकीचा. हिशोब बरोबर आहे, पण टोरांटोच्या ट्रामचा गेज १४३५ नाहीच ना, १४९५ आहे! म्हणजे एचओ ६० मिमीने अरुंद, ओ २९ मिमीने रुंद, ज्याला चुकीचा म्हणतात तोच आपल्या गावाला जास्त जवळचा. फिलाडेल्फियाचा तर १५८१, तिथे दोन्ही कमी पडतात.

तरी मी एचओच वापरतो, जागेमुळे. आणि खरं सांगू का, ते ६० मिमी एचओत जेमतेम ०.७ मिमी होतात, डोळ्याला दिसत नाहीत. दिसते ती बॉडी. पीसीसी, म्हणजे इथली जुन्या धाटणीची ट्राम, २५४० मिमी रुंद, म्हणजे १:८७ ला २९.२ मिमी भरली पाहिजे, माझ्या एका गाडीला व्हर्नियर (बारीक मोजायचं साधन) लावला तर ३१ मिमी भरली, आणि समोरून बघितलं की तिचा तो सुंदर निमुळता चेहरा सुजल्यासारखा वाटतो. फार वाईट वाटलं होतं. त्यामुळे पैसे देण्याआधी रुंदी मोजाच. चाकंही बघा, एचओची नेहमीची चाकं २.८ मिमी रुंद, म्हणजे खऱ्यात २४ सेंमी, एवढं रुंद चाक ट्रामला कुठे असतं! मी बारीकवाली बसवली.

आता वळण. इथली ट्राम ११ मीटर त्रिज्येत वळते, एचओत साडेबारा सेंमी, आणि दुकानात मिळणारा रेल्वेचा १८ इंच त्रिज्येचा कर्व्ह खऱ्यात ४० मीटरचा होतो, त्यावर ट्राम चौकात वळतेय असं वाटतच नाही. मी रूळ हातानेच वाकवला, साडेबारा काही जमले नाहीत, पंधरावर थांबलो, बोगी, म्हणजे गाडीखालचा चाकांचा सांगाडा, जिथे फ्रेमला घासत होती तिथे कानस मारली, तीन रविवार गेले. पण आता माझ्या लेआउटवरच्या क्वीन आणि स्पाडायना या टोरांटोच्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर गाडीचं नाक आधी फुटपाथकडे झुकतं आणि मग बाकीची गाडी हळूच मागून वळते, अगदी खरी वळते तशी.