वेग वाढवला, स्कोअर घसरला

कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवला, आणि सिनेबेंच या वेग तपासणाऱ्या चाचणीचा स्कोअर चक्क आधीपेक्षा कमी! तीनदा चालवून पाहिलं. तेच.

चौथ्यांदा स्कोअर सोडून नुसतं तापमान बघत बसलो. सुरुवातीला वेग ऐटीत ५.२ गिगाहर्ट्झ. मग पारा १०० अंशांना टेकला आणि आकडा गुपचूप ४.६ वर उतरला. पंखा मात्र जीव तोडून ओरडतोय.

म्हणजे मी व्होल्टेज वाढवून प्रोसेसरला पळवतोय आणि तो बिचारा जळू नये म्हणून स्वतःच ब्रेक लावतोय. (मी शिव्या मदरबोर्डला घालत होतो.)

व्होल्टेज उतरवलं, वेगही १०० मेगाहर्ट्झने कमी केला. स्कोअर वर!

मागून धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मग आधी काय वाईट होतं?"

अजून उत्तर शोधतोय. तुमच्याकडे आहे का?