इनासचं आता काय करू

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. रात्री उशिरा.

फादरांचं सकाळचं एक वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकलंय. कोरडा भात गिळून झाला, केळं खाऊन झालं, जात नाही.

वाक्य तसं साधंच. आपल्या राखणदार दूताला आपण स्वतःहून नाव देऊ नये, अशी चर्चची सूचना आहे. एवढंच. फादर पुढच्या मुद्द्याकडे वळलेसुद्धा. मी तिथेच राहिले.

एरवी या सणाचं प्रवचन मला पाठ आहे. १६०८ साली पोप पाचवे पौल यांनी राखणदार दूतांच्या सणाला परवानगी दिली, १६७० मध्ये पोप दहावे क्लेमेंट यांनी तो २ ऑक्टोबरला सगळ्या चर्चसाठी लागू केला. मग बायबलातलं स्तोत्र ९१, मग गांधीजींवर दोन वाक्यं, मग ‘आपल्या दूतांना भारत सरकार सुट्टी देतं’ हा विनोद, आणि मग सूचना. यंदा वर दसराही आला. मी मिस्सेला निघाले तेव्हा समोरच्या वहिनी तोरण बांधत होत्या, परत आले तर आपट्याची पानं हातावर ठेवली. तोंडभर हसले त्यांच्याशी. आत मात्र तेच वाक्य.

फादरांनी पुरावाही दिला, हवेत नाही बोलले. २००१ मध्ये व्हॅटिकनने लोकभक्तीबद्दल एक मार्गदर्शिका केली. तिच्यात म्हणे स्पष्ट आहे, मिखाएल, गाब्रिएल आणि राफाएल ही तीन नावं पवित्र शास्त्रात आहेत, ती घ्या. बाकी दूतांना नावं देण्यापासून लोकांना परावृत्त करा. वर आल्देबेर्तची गोष्ट. हा आठव्या शतकातला फिरस्ता उपदेशक. स्वर्गातून पडलेलं येशूचं पत्र आपल्यापाशी आहे म्हणायचा, स्वतःची नखं नि केस लोकांना पवित्र अवशेष म्हणून वाटायचा (नखं!), आणि प्रार्थनेत आठ दूतांची नावं घ्यायचा. ७४५ साली पोप झकारियास यांनी रोममध्ये धर्मसभा भरवली. मिखाएल सोडून बाकीची नावं सैतानांची आहेत, असं तिथे ठरलं.

सगळं चर्च हसलं नखांवर. थोरलीने मला कोपराने ढोसलं. “ममी, इनासचं काय?”

माझ्या दूताचं नाव तिला ठाऊक आहे. तिला एकटीलाच. ती लहान असताना रात्री तिला झोपवताना माझ्या तोंडून निघून गेलं होतं, तेव्हापासून. तिने कधी कोणाला सांगितलं नाही, हे तिचं मोठेपण. पण आज ती हसत होती, आणि मला रडू येईल की काय असं झालं. या वयात, एवढ्याशा गोष्टीवरून, तेही मिस्सेत.

इनास हे नाव का, ते इथे लिहिणार नाही. सैतानाचं नक्कीच नाही. इनास म्हणजे संत इग्नेशियस, आमच्या वसईत घराआड एक तरी असतो. मी फर्स्ट कम्युनियनच्या वर्गात होते. सिस्टर बाकावर थोडी जागा सोडून बसायला लावायच्या, दूताला बसता यावं म्हणून. आम्ही सगळ्या पोरी अर्ध्या बुडावर बसायचो. बाकीच्यांची जागा रिकामी दिसायची. माझी दिसत नव्हती. तेव्हा ठेवलं.

दुपारभर विचार करत होते की एवढं लागलं का. फादरांनी मला उद्देशून म्हटलं नव्हतं, त्यांना माहीतही नाही. मग भांडी घासताना कळलं. आयुष्यात मी ठेवलेलं हे एकच नाव. थोरलीला सासूबाईंचं नाव मिळालं, रीतच आहे. मुलाला सासऱ्यांचं. माझं आडनाव लग्नात बदललं, घराचं नाव दिरांनी सुचवलं आणि दगडात कोरूनही आणलं. कुत्र्याचंसुद्धा मुलांनी ठेवलं. सातबाऱ्यावर माझं नाव आहे का, तर तो विषयच नको. सगळ्या जगात एक नाव मी स्वतः निवडलं होतं, आणि ते देण्याचा अधिकार मला नव्हता म्हणे. आदामाने जनावरांना नावं दिली, कारण देवाने त्याला त्यांच्यावर सत्ता दिली होती. दूतावर आपली सत्ता नाही, म्हणून नाव देणं आपलं काम नाही. फादरांनी नीट समजावलं. पटलंही. मला कुठे सत्ता हवी होती? हाक मारायला काहीतरी हवं होतं.

आणि खरा काटा हा नाहीच. खरा काटा असा, की नाव मी बनवलेलं, तर मग तोही मीच बनवलेला का? इतकी वर्षं मी बोलत होते ते कोणाशी? विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर लटकून, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, त्या घरच्या पायऱ्या उतरताना. ‘इनास, चल.’ बस्स, इतकंच म्हणायचे बऱ्याचदा. उत्तर कधी आलं नाही, मला कधी लागलंही नाही. संत जेम्मा गालगानीला तिचा दूत दिसायचा, बोलायचा, प्रसंगी रागवायचा. माझा तसला नाही. माझा नुसता असायचा. आज पहिल्यांदा मनात आलं की नसला तर.

दूत आहेतच, त्याची शंका नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू स्वतः सांगतो, या लहानांना तुच्छ मानू नका, त्यांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचं मुख सतत पाहत असतात. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून दाराशी आला तेव्हा आतली माणसं म्हणाली, तो नाही, त्याचा दूत असेल. म्हणजे त्या काळीही प्रत्येकाचा एकेक, हे धरून चाललेलं. माझा कोणीतरी आहे. पण तो आणि इनास एकच का, हे कोणाला विचारू? फादरांना विचारायचं म्हणजे आधी इनासबद्दल सांगायला हवं. कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करताना, सांगण्यासारखं पाप नाही आणि चहा पिताना सांगण्यासारखी गोष्ट नाही.

मागे बायबल वर्गात एकदा चर्चचे जुने पंडित थोमस अक्वायनस यांचं ऐकलं होतं, तेही आज उगाच वर आलं. मूल पोटात असतं तोवर त्याला आईचाच दूत सांभाळतो, जन्मल्यावर त्याला स्वतःचा मिळतो, असं त्यांना वाटत होतं. मला ते इतकं आवडलं होतं की घरी येऊन थोरलीला सांगितलं, तू पोटात होतीस तेव्हा तुझं सगळं इनास बघत होता. त्याच वर्गात दुसरंही सांगितलं होतं. दूत दुःख करत नाहीत. ज्याला राखतात त्याचं काही वाईट झालं तरी नाही, कारण देवाच्या इच्छेबाहेर त्यांची इच्छा नसते. ते मी घरी कोणाला सांगितलं नाही. त्या रात्री तो माझ्याबरोबर रडला होता अशी माझी समजूत होती. असो.

संध्याकाळी रोझरीनंतर थोरली येऊन बसली. फोनवर शोधत होती. तिला वाटलं असणार सकाळचं मला लागलं. म्हणाली, “पोप फ्रान्सिस बघ काय म्हणालेत. २०१४, आजच्याच दिवशी.” सकाळी आपल्या दूताला नमस्कार करता का, झोपताना मला सांभाळ म्हणता का, त्याच्याशी बोलता का, असे प्रश्न पोपनीच लोकांना विचारले होते. “म्हणजे बोलायचं,” ती म्हणाली, “फक्त नाव घ्यायचं नाही.”

फक्त.

मग मी तोबीतचं पुस्तक काढलं. माझ्या जावेकडच्या बायबलात ते नाही, ती पलीकडच्या पंथात गेल्यापासून आमची बायबलंही वेगळी. आमच्यात आहे. तोबीतच्या मुलाला, तोबियाला, दूरच्या गावी पैसे आणायला जायचंय, सोबत हवी. रस्त्यात एक तरुण भेटतो. तो राफाएल, पण कोणाला माहीत नाही. आंधळा म्हातारा तोबीत पोराला अनोळखी माणसाबरोबर पाठवणार कसा? तो चौकशी करतो, अगदी आपल्याकडची माणसं करतात तशी: कुठला तू, कोणाचा, कुठल्या कुळातला? आणि राफाएल काय सांगतो? मी अजऱ्या, हनन्याचा मुलगा, तुमच्याच नात्यातला. म्हातारा खूश. अरे, हनन्याला मी ओळखतो, चांगली माणसं! दिवसाला एक द्राख्मा मजुरी ठरते आणि निघतात दोघं. कुत्राही मागून निघतो.

हे मी किती वेळा वाचलंय, पण आज वाचताना हसू फुटलं. देवाचा महादूत, सिंहासनासमोरच्या सातांपैकी एक, आणि म्हाताऱ्याचा जीव शांत व्हावा म्हणून शेजारच्या हनन्याचा पोरगा झाला! पूर्ण प्रवासभर तोबिया त्याला अजऱ्याच म्हणतो. मासा धरताना, लग्न ठरवताना, वसुलीला पाठवताना. राफाएल एकदाही म्हणत नाही की हे माझं नाव नव्हे. शेवटी मजुरी द्यायची वेळ येते तेव्हा कुठे खरं काय ते सांगतो, आणि वर हेही, की मी जेवताना दिसलो तरी काही खाल्लं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर घाबरून पोरगा गावाबाहेर गेला नसता.

फादरांना हे दाखवावं का? ते म्हणतील, ते नाव राफाएलाने स्वतः घेतलं, तोबियाने दिलं नाही. बरोबरच आहे. शिवाय बायबलच्या शास्ते पुस्तकात मानोहा नावाचा माणूस दूताला सरळ नाव विचारतो, तर दूत म्हणतो, कशाला विचारतोस, ते तुझ्या आकलनापलीकडचं आहे. म्हणजे खरं नाव असतं. आपल्याला सांगत नाहीत, इतकंच.

हे मला एकदम चाललं. का कोण जाणे. त्याला स्वतःचं नाव आहे, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासूनचं, आणि मी इनास म्हणून हाक मारली की तो ‘हं’ म्हणत आला असेल तर त्याचा तो मोठेपणा. नसेल आला, तर... नाही, ते आता नको. रात्र झालीय.

माझी आजी आजोबांचं नाव कधी घ्यायची नाही. घरात ‘ऐकलं का’, बाहेर ‘आमच्या घरातले’. आजोबांच्या वर्षाची मिस्सा लावायला चर्चच्या ऑफिसात जायची तेव्हा नाव सांगायला मला पुढे करायची आणि स्वतः पदर सारखा करत भिंतीकडे बघायची. क्लार्क नवा होता, तो हसला होता. जन्मभर ज्या माणसाचं नाव घेतलं नाही, त्याच्याशी, तो गेल्यावरसुद्धा, ती बोलायची. चुलीशी बसून, भाकरी थापता थापता. आम्हा पोरांना भीती वाटायची. तिला कधी प्रश्न पडला नसेल की मी बोलतेय ते कोणाशी.

तर ठरवलंय की सध्या ‘अहो’ म्हणायचं. इनासला अहो. थोरलीला सांगितलं तर ती पोट धरून हसली, म्हणाली ममी, हे जास्तच भयंकर आहे, पप्पांना कळू देऊ नकोस. मीही हसले. व्हॅटिकनची हरकत नसावी, मार्गदर्शिकेत अहोबद्दल काही नाही. एखाद्या वेळी घाईत तोंडातून इनास निघेलच, जुनी सवय आहे, त्याला माझ्या सवयी माहीत आहेत.

रविवारी भाऊ येतोय, कागद घेऊन. नोटरीही तोच आणणार म्हणतो. पोप अकरावे पायस यांचं एक सांगतात, की कोणाशी अवघड बोलणं असलं की ते आपल्या दूताला आधी समोरच्या माणसाच्या दूताकडे पाठवायचे, दोघांनी आपसात जमवून घ्यावं म्हणून. पुढे पोप तेविसावे जॉन झाले त्यांनाही त्यांनीच हे शिकवलं होतं म्हणे. मी मागच्या वेळीही केलं होतं. उपयोग झाला नाही, चहाचे कप तसेच गार झाले आणि वहिनी गाडीतून खाली उतरलीसुद्धा नाही. माझ्या दूताने प्रयत्न केला नसेल असं मी म्हणणार नाही. तिकडच्या दूतालाही माझ्या भावाशी बोलून दमायला झालं असेल, लहानपणापासून सांभाळतोय बिचारा.

तरी पुन्हा पाठवते. अहो, शनिवारी रात्रीच जा, सकाळी तो कोणाचं ऐकत नाही. विहिरीकडच्या तुकड्याचं आधी काढा. चिकूच्या झाडांचं मी बघते.