बाईंचे दोन चुंबक

सुवर्णमहोत्सवाची पत्रिका हातात पडली आणि सगळ्यात आधी बाई आठवल्या. कुठल्या बाई, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही.

साल १९८६. गिरणी संपानंतरचे दिवस. आमच्या नववी ‘ब’मधल्या कितीतरी मुलांचे वडील घरी बसलेले. बाई अणू शिकवत होत्या. मध्ये केंद्रक, त्यात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. सोडिअमचे २, ८, १ असे अकरा इलेक्ट्रॉन फळ्यावर काढून झाले, केंद्रकात तितकेच प्रोटॉन. मी उठून विचारलं, “बाई, सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात ना? मग अकरा प्रोटॉन एवढ्याशा जागेत राहतात कसे?” वर्ग हसला. बाई नाही हसल्या. “मला नीट सांगता येणार नाही. वाचून सांगते,” म्हणाल्या. शिक्षकांच्या तोंडून असं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी त्या दादरच्या वाचनालयातून टिपणं काढून आल्या, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर. प्रयोगशाळेतले दोन पट्टीचुंबक माझ्या हातात दिले, उत्तर ध्रुव समोरासमोर. मनगटाला ढकलल्याचं जाणवत होतं. मग टोकांना मेणबत्तीचं मऊ मेण लावून घट्ट दाबायला सांगितले. चिकटले! “केंद्रकातही अगदी खेटून असले की वेगळंच एक बल धरून ठेवतं, विद्युत बलापेक्षा कितीतरी जोरदार. जरा अंतर पडलं की संपलं. न्यूट्रॉन म्हणजे जास्तीचं मेण. धरतो, पण ढकलत नाही.” म्हणून सोडिअमच्या ११ प्रोटॉनांना १२ न्यूट्रॉन पुरतात आणि शिशाच्या ८२ प्रोटॉनांना सव्वाशेच्या आसपास लागतात.

आज मी इथल्याच एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे किरणोत्सारी औषधं देऊन तपासणी आणि उपचार करतात तिथे, तंत्रज्ञ आहे. पेट स्कॅनसाठी येणाऱ्या फ्लोरिन-१८ मध्ये ९ प्रोटॉन, ९ न्यूट्रॉन. नेहमीच्या फ्लोरिनपेक्षा एकच न्यूट्रॉन कमी, पण तेवढ्यानं ते टिकत नाही. ११० मिनिटांत निम्मं उरतं. ते घेऊन येणारी सकाळची गाडी सायनला अडकली की आमचा जीव टांगणीला लागतो. नव्या मुलांना हे समजावताना माझ्या तोंडून “मेण कमी पडलं” असंच निघतं.

बाईंना हे सांगायचं राहून गेलं. त्या गेल्याचं मला आठ महिन्यांनी कळलं.

प्रयोगशाळेत आता अणू पडद्यावर फिरताना दिसतो. पण तो हाताला ढकलत नाही, याची हळहळ वाटते. ते दोन चुंबक जुन्या कपाटात कुणाला सापडले तर मला जरूर कळवा. एकाच्या टोकाचा लाल रंग उडालेला आहे.