कलेक्शन-शीट, नोंद १४: आकडा जुळला

परवा रात्री पावणेदोनला आकडा जुळला. मॅजिक ऑनलाइन, म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाची संगणकावरची आवृत्ती, तिथल्या माझ्या कार्डांची एकूण किंमत ९१८ टिक्स (टिक म्हणजे इव्हेंट तिकीट, तिथलं चलनच). मागच्या नोंदीत मी मोठ्या उत्साहाने १,१४६ लिहिलं होतं, सोबत चढता आलेखही लावला होता. तो आकडा खोटा होता. का खोटा होता, हे शोधण्यात तीन आठवडे गेले, म्हणून ही नोंद जवळजवळ सगळी त्याच्यावरच आहे. लीगची एक चांगली बातमी आहे, ती मध्ये येईल.

सुरुवात अशी झाली. नेहमीप्रमाणे मॅजिक ऑनलाइनमधून कलेक्शन एक्स्पोर्ट केलं, शीटमध्ये टाकलं, आणि एकूण किंमत ८६१ दिसली. आदल्या वेळेपेक्षा २८५ टिक्स कमी. मधल्या काळात मी एकही मोठं कार्ड विकलं नव्हतं. पहिला संशय अर्थातच बंदीचा: स्पर्धेत कार्ड वापरायला मनाई झाली की त्याचा भाव पडतो. १६ डिसेंबर २०२४ आठवत असेल तुम्हाला: मॉडर्न या खेळप्रकारात द वन रिंग या कार्डावर बंदी आली, मॉक्स ओपल आणि स्प्लिंटर ट्विन बंदीतून मोकळे झाले, आणि काही तासांत बॉटांचे (कार्डं आपोआप विकणाऱ्या-घेणाऱ्या खात्यांचे) भाव ओळखू येईनासे झाले. पण या वेळी घोषणा नव्हती. शिवाय बंदीने भाव पडतो तो चार-पाच कार्डांचा. माझ्या शीटमध्ये तर कितीतरी कार्डांच्या पुढे सरळ शून्य आलं होतं. त्यात फोर्स ऑफ विल हे नावाजलेलं कार्ड होतं. फोर्स ऑफ विलची किंमत शून्य! तिथेच कळलं की बाजार पडलेला नाही, माझी जुळवणी पडलेली आहे.

जुळवणी कशी करत होते ते जुन्या वाचकांना माहीत आहे. स्क्रायफॉल या कार्डांच्या माहितीच्या संकेतस्थळाची रोजची बल्क फाइल (सगळ्या कार्डांची एकत्र माहिती) उतरवायची, तिच्यातला टिक्सचा भाव घ्यायचा, आणि कार्डाच्या नावावरून माझ्या यादीला लावायचा. बल्क फाइली अनेक प्रकारच्या असतात. मी ‘ओरॅकल कार्ड्स’ घेत होते, कारण ती लहान आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर उघडते. चूक इथेच होती आणि ती माझीच. त्या फाइलमध्ये प्रत्येक कार्डाची एकच नोंद असते, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रिंटिंगांपैकी (वेगवेगळ्या सेटांतल्या आवृत्त्यांपैकी) एकच प्रतिनिधी. फोर्स ऑफ विल मॅजिक ऑनलाइनवर २००७ च्या मास्टर्स एडिशनमध्ये आलं, पुढे व्हिंटेज मास्टर्स, इटर्नल मास्टर्स, डबल मास्टर्स, डॉमिनारिया रीमास्टर्ड अशा कितीतरी सेटांत आलं, आणि प्रत्येक प्रिंटिंगचा टिक्समधला भाव वेगळा. मी मात्र सगळ्यांना एकच भाव लावत होते. बरं, तो प्रतिनिधी कायमचा नसतो. नवं प्रिंटिंग आलं की बदलू शकतो, आणि ते नवं प्रिंटिंग फक्त कागदावरचं असेल तर त्याला टिक्सचा भावच नसतो. रकाना रिकामा राहतो. माझ्या शीटने प्रत्येक रिकामा रकाना इमानदारीने शून्य धरला.

मग ठरवलं की नाव सोडायचं आणि आयडी धरायचा. आपल्या एक्स्पोर्टच्या सीएसव्ही फाइलीत प्रत्येक ओळीला मॅजिक ऑनलाइनचा आयडी असतो, आणि स्क्रायफॉलच्या नोंदीतही तोच आयडी वेगळ्या रकान्यात असतो. हे आधीच का केलं नाही, असं कुणी विचारील. कारण त्यासाठी ‘डीफॉल्ट कार्ड्स’ ही फाइल लागते. ती कित्येकशे एमबींची आहे, आणि स्प्रेडशीटमध्ये उघडायला गेलं की लॅपटॉप झोपतो. शेवटी पायथनमध्ये वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली: फाइल वाचायची, ज्या नोंदीला मॅजिक ऑनलाइनचा आयडी आहे तेवढीच ठेवायची, आणि तिच्यातलेही आयडी, फॉइल (चकचकीत आवृत्तीच्या कार्डांचा) आयडी, नाव, सेट आणि टिक्स एवढेच पाच रकाने. उरलेली फाइल इतकी लहान झाली की दोन सेकंदांत उघडते. ज्यांना स्क्रिप्टचं भय वाटतं त्यांना मनापासून सांगते, एवढं एक शिकून घ्या. हजारो ओळींची ही कामं स्प्रेडशीटच्या सूत्रांवर ओढण्यात मी दोन वर्षं घालवली.

नाव सोडल्याचा एक जादा फायदा झाला. जोडकार्डांची (एका कार्डावर दोन नावं) कटकट एका फटक्यात संपली. मॅजिक ऑनलाइन ‘फायर/आइस’ लिहितो, स्क्रायफॉल दोन तिरक्या रेघा आणि मध्ये जागा सोडून लिहितो. लिम-दूल्स व्हॉल्टसारख्या नावांतली स्वरचिन्हं माझ्या फाइलीत हमखास बिघडून येत. त्यासाठी मी ‘दुरुस्ती’ नावाचं एक वेगळं पान सांभाळत होते, १३८ ओळींचं. ते पान काढून टाकताना फार बरं वाटलं.

पण पहिल्यांदा चालवलं तेव्हा एकही ओळ जुळली नाही. एकही नाही! दोन्हीकडे तोच आयडी डोळ्यांना दिसतोय, आणि शीट म्हणतेय सापडत नाही. सलग दोन संध्याकाळी यात गेल्या. कारण कळलं ते असं: सीएसव्हीतून आलेला आयडी शीटने अंक म्हणून घेतला होता आणि माझ्या स्क्रिप्टने लिहिलेला मजकूर म्हणून. दिसायला सारखे, शीटच्या लेखी वेगळे. दोन्ही रकाने अंकांत बदलले आणि ओळी भराभर भरल्या. हे करताना आणखी एक जुनं पाप सापडलं. व्हीलुकअप या शोधसूत्रात शेवटचा ‘फॉल्स’ मी काही पानांवर लिहिलाच नव्हता. तो नसला की सूत्र अंदाजे जुळणी करतं, आणि यादी क्रमवार नसेल तर भलत्याच कार्डाचा भाव आणून ठेवतं, तोही बिनतक्रार. तुमच्यापैकी ज्यांनी माझं जुनं टेम्प्लेट घेतलं आहे, त्यांनी ‘साइडबोर्ड’ आणि ‘विशलिस्ट’ ही दोन पानं आधी तपासा.

यानंतर ६३ ओळी रिकाम्या राहिल्या. त्यांतल्या ५१ फॉइल निघाल्या. फॉइलचा आयडी वेगळा असतो, बहुतेक वेळा साध्या कार्डाच्या आयडीपेक्षा एकाने जास्त, आणि स्क्रायफॉल तो दुसऱ्या रकान्यात ठेवतं. म्हणून आधी साधा आयडी शोधायचा, नाही सापडला तर फॉइलचा, अशी दोन पायऱ्यांची जुळवणी केली. मात्र तिथे टिक्सचा भाव एकच असतो, फॉइलला वेगळा नाही. सध्या फॉइलला साध्याचाच भाव लावते आणि ओळ पिवळी करते. महागातल्या सहा फॉइलांचा भाव बॉटांकडे बघून हाताने भरते. उरलेल्या १२ ओळी कार्डांच्या नव्हत्याच: इव्हेंट तिकिटं, ट्रेझर चेस्ट (बक्षिसाच्या पेट्या), प्ले पॉइंट वगैरे. त्यांचं वेगळं पान केलं.

एवढं झाल्यावर बेरीज ९१८. शून्यांची भानगड मिटली, ५७ टिक्स परत आले. पण १,१४६ कुठे आणि ९१८ कुठे? अजून २२८ टिक्सचा पत्ता नव्हता. इथे मी खरोखर हात टेकले होते. चार दिवस शीट उघडलीच नाही, नुसती खेळले.

आणि त्या चार दिवसांत पॉपर (फक्त कॉमन कार्डांचा खेळप्रकार) लीगमध्ये पहिली ५-०, पाचही सामने जिंकले! निळा टेरर डेक, तोच जो मी नोंद ९ पासून घासते आहे. शेवटच्या सामन्यात समोर लाल बर्न (थेट नुकसान करणारा डेक), तिसरा गेम, माझं लाइफ ३. हातात दोन टोलेरियन टेरर, ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) सहा इन्स्टंट-सॉर्सरी, प्रत्येकामागे टेररची किंमत एकाने कमी, म्हणजे सात मानाचं (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारं बळ) ५/५ कार्ड एका निळ्या मानात. पहिलं उतरवलं, पुढच्या टर्नला दुसरं, आणि लाल कार्ड अडवणाऱ्या हायड्रोब्लास्टसाठी एक बेट (निळा माना देणारी जमीन) उघडं ठेवलं. त्याने शेवटचा बर्न माझ्यावर टाकला, मी हायड्रोब्लास्टने अडवला. पुढच्या हल्ल्यात दहा डॅमेज आणि सामना संपला. साइडबोर्डमध्ये (राखीव कार्डांत) हायड्रोब्लास्ट चारच्या चार ठेवा असं इथे कुणीतरी आग्रहाने सांगितलं होतं. त्या व्यक्तीचे मनःपूर्वक आभार. बक्षिसाच्या चेस्ट मी उघडल्या नाहीत, बॉटला विकल्या. माझं मत पक्कं आहे: चेस्ट उघडणं ही लॉटरी आहे, विकणं हा हिशोब आहे. हिशोबाच्या पानावर लॉटरी नको.

पाचव्या दिवशी सुचलं की भाव बाजूला ठेवून नुसती नगांची संख्या तपासावी. आधीची एक्स्पोर्ट फाइल आणि नवी फाइल, आयडीनुसार लावून, एकीतून दुसरी वजा. भावांकडे बघायचंच नाही. वजाबाकीत २४ ओळी शिल्लक राहिल्या. पहिली ओळ: मॉक्स ओपल, ४. दुसरी: उर्झाज सागा, ४. मी ओपल कधी विकत घेतलेलंच नाही!

तो भाड्याचा डेक होता. ओपल मोकळं झाल्यापासून तो डेक खेळून बघायची इच्छा होती, म्हणून एका भाड्याच्या सेवेकडून आठवडाभरासाठी घेतला होता. भाड्याची कार्डं ट्रेडने आपल्या खात्यात येतात आणि परत देईपर्यंत आपल्याच कार्डांत मिसळून असतात. एक्स्पोर्टमध्ये ती उसनी आहेत असं सांगणारा रकाना नाही. मी नेमकी त्याच आठवड्यात फाइल काढली आणि आलेख चढला म्हणून हरखून गेले. आजच्या भावाने दोन्ही फाइली नव्या पद्धतीने मोजल्या: जुनी १,१२७, नवी ९१८. फरक २०९, आणि तो अख्खा भाड्याच्या डेकचा. २२८ मधले उरलेले १९ म्हणजे जुन्या जुळवणीच्या चुका आणि मधल्या काळात भावांत झालेला फरक. पावणेदोनला हे कागदावर मांडून पाहिलं, दोनदा बेरीज केली, आणि मग झोपायला गेले.

पहिला विचार आला की भाड्याचा डेक खात्यात असताना एक्स्पोर्ट करायचाच नाही. पण हे लिहिताना त्याहून चांगलं सुचतंय. भाड्याचा डेक मिळाला की लगेच त्याची डेक फाइल जतन करायची. तिच्यात प्रत्येक कार्डाचा तोच आयडी आणि नगसंख्या असते. स्क्रिप्टला ती फाइल दिली की एकूणातून तेवढे नग वजा. म्हणजे कधीही एक्स्पोर्ट करा, उसनं आपोआप बाहेर. आज रात्री हेच करणार.

आता ९१८ बद्दल. हा बॉटांचा विक्रीचा भाव आहे, आपण विकायला गेलो तर मिळणारा नाही. म्हणून ‘हाती येणारे’ असा दुसरा रकाना सुरू केला आणि वरच्या तीस कार्डांचे बॉटांचे खरेदीचे भाव भरले. ही तीस कार्डंच जवळजवळ ७०० टिक्सची आहेत. बाकीच्या हजारो कार्डांचा पसारा मुख्यतः ०.०१ आणि ०.०२ चा. खरेदीच्या भावात बॉटांच्या साखळ्यांमध्ये केवढा फरक पडतो: एकाच दिवशी एकाच कार्डाला एकीकडे ०.६२, दुसरीकडे ०.४१. ज्या साखळीकडून आपण नेहमी खरेदी करतो तिलाच विकायची सवय मोडायला हवी. तिकीट तोडता येत नाही म्हणून अपूर्णांक प्रत्येक बॉटकडे जमा राहतो, तोही आता लिहून ठेवते. सात ठिकाणी मिळून ३.४ टिक्स पडून होते! लीगची प्रवेश फी १० टिक्स, म्हणजे तिसरा हिस्सा नुसता विसरलेला.

मूळ बेत असा होता की या महिन्यात प्रत्येक कार्डाचा वेगळा आलेख काढायचा. तो बदलते आहे. बल्क फाइलमध्ये फक्त आजचा भाव असतो, कालचा नसतो. म्हणून आधी रोजचा भाव स्वतः साठवायला हवा. स्क्रिप्ट रोज पहाटे फक्त आयडी आणि टिक्स असे दोन रकाने, तारखेच्या नावाने, जतन करते. चार दिवसांच्या चार फाइली झाल्या आहेत. त्यावर बंदीच्या घोषणांच्या उभ्या रेघा हव्या होत्या: २६ ऑगस्ट २०२४ ला नाडू आणि ग्रीफ, वर सांगितलेली १६ डिसेंबर, ३१ मार्च २०२५ ला अंडरवर्ल्ड ब्रीच. पण त्या तारखांचे भाव माझ्याकडे नाहीत, तेव्हा तेवढ्यापुरतं एमटीजीगोल्डफिश या संकेतस्थळावरच्या भावांच्या आलेखांवर भागवायचं, आणि पुढच्या घोषणेपासून स्वतःच्या रेघा सुरू.

ओपलवाला डेक शुक्रवारी पुन्हा भाड्याने घेते आहे. मागच्या वेळी २-३ झालं होतं आणि साइडबोर्डचं गणित मला अजिबात जमलं नव्हतं. ज्यांनी तो लीगमध्ये नीट खेळला आहे, त्यांनी कृपया लिहा: ब्लड मूनसमोर (विशेष जमिनी निकामी करणारं कार्ड) उर्झाज सागा, म्हणजे तशीच एक जमीन, किती ठेवता?