दुसरी गाठ

दर संक्रांतीला हळदीकुंकवात कुणीतरी तिळगूळ हातावर ठेवतं आणि तेच विचारतं, "तू स्पर्धा का गं सोडल्यास? आणि पतंग शिवणंही?" मी उजवा खांदा चोळून दाखवते. खांदा खरंच दुखतो, त्यामुळे हे खोटं नाही. खरंही नाही. यंदा तिघींनी विचारलं, वर एकीच्या नवऱ्यानं दारात बूट चढवता चढवता विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता लिहूनच टाकते. पुढच्या वर्षी विचारणाऱ्याला हेच पाठवीन.

आधी एक जुना हिशेब मिटवते. "पेच नाही, काटाकाटी नाही, मग स्पर्धा कसली?" हे मला इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये ऐकावं लागतं तसं माहेरीही. माहेर येवला. (येवला म्हटलं की तुम्ही पैठणीवर येता. आमच्या घरात माग नव्हता, वडील एस.टी.त कंडक्टर होते.) संक्रांतीचे तीन दिवस गल्लीत हलकडी वाजायची, दादा आसारी, म्हणजे मांजाची चरखी, घेऊन गच्चीवर, आणि मी गुंता सोडवायला. त्याला मी पहिल्यांदा सांगितलं की इथे पतंगाला दोन दोऱ्या असतात, काच नसते, कुणी कुणाला कापत नाही, तर तो म्हणाला, "मग जिंकलं कोण हे कळतं कसं?" पंच असतात, दादा. आधी नेमून दिलेल्या आकृत्या काढायच्या, रेघ रेघेसारखी पाहिजे, कोपरा कोपऱ्यासारखा. मग बॅले, म्हणजे आपण निवडलेल्या संगीतावर पतंग नाचवायचा. पंच गुण देतात. २०१७ मध्ये हरित लवादानं नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली तेव्हा त्याचाच फोन आला, "तुमची ती दोरी कसली असते गं?" डायनिमा नावाच्या कृत्रिम धाग्याची. इतकी गुळगुळीत, की दोन्ही दोऱ्यांना चार-पाच पीळ पडले तरी त्या एकमेकींवरून सरकत राहतात आणि पतंग हाताचं ऐकतो. ती मांजा म्हणून वापरायची नाही, हे मी त्याला दोनदा बजावलं.

आणि "हा काय लहान मुलांचा खेळ" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर नावाच्या माणसानं अमेरिकी नौदलासाठी दोन दोऱ्यांचा पतंग केला होता, तोफचींना नेमबाजीच्या सरावासाठी उडतं लक्ष्य म्हणून. हे सांगितलं की पुरुष मंडळी जरा सावरून बसतात.

माझी सुरुवात कशी झाली ते तुम्हाला तोंडपाठ आहे. १९९८, एच-४ व्हिसा, नोकरीची परवानगी नाही, घरात एक शिलाई मशीन. पुढच्या मे महिन्यात मेमोरियल डेच्या सुट्टीत वाइल्डवूडच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. चालता चालता पाय दुखावेत इतका तिथला वाळूचा पट्टा रुंद. तिथे एका माणसानं पतंग ऐन वेगात खाली सोडला आणि जमिनीपासून हातभर उंचीवर थांबवला. थांबवला म्हणजे खुंटीला टांगल्यासारखा थांबवला. नवरा मुलीला आईस्क्रीम खायला घालून परत आला तरी मी तिथेच वाळूत बसलेली.

पहिले अकरा पतंग मी फुकट वाटले. औदार्य नव्हतं, विकायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड आल्यावर, २००५ पासून, बावन्न विकले. त्या पतंगाचं नाव टिटवी. अमेरिकन लोक हे नाव ऐकून का हसतात ते मला चौथ्या गिऱ्हाइकानंतर कळलं, तोवर चिन्ह शिवून झालं होतं. एका टिटवीला माझे तीस तास जायचे. कापड पॉलिएस्टरचं, चौरस मीटरला ३१ ग्रॅम, बोटावर धरलं तर श्वासानं हलणारं. ते कात्रीनं कापत नाहीत, सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं कापतात, म्हणजे कडा वितळून जागच्या जागी बसते आणि धागे सुटत नाहीत. स्वयंपाकघरात त्याचा वास राहायचा. नवरा म्हणायचा, आज भाजीला काय, प्लास्टिक? पैशाचा हिशेब विचारू नका. तासाचे पैसे धरले तर मी कुठल्याही मॉलमध्ये उभी राहून जास्त कमावले असते.

आता मंगळसूत्र. हसू नका. आपल्याकडे पतंगाला बांधायच्या दोऱ्याला मंगळसूत्रच म्हणतात आणि मी इथेही तेच म्हणते. या पतंगाला ती दोन असतात, डावं आणि उजवं, प्रत्येकाला तीन पाय, म्हणजे तीन दोऱ्या. टिटवीच्या वरच्या पायाला मी एक छोटी शेपटी ठेवली होती, तिच्यावर पाच गाठी, दोन गाठींमध्ये पाच मिलिमीटर. कुठल्या गाठीमागे फास ओढायचा यावर सगळा खेळ. वरचा पाय आखूड केला की पतंगाचं नाक उडवणाऱ्याकडे झुकतं. मग तो हलक्या हवेतही तरतो, पळतो. लांब केला की तो दबून, हाताला ओढ देत उडतो आणि वळण जागच्या जागी घेतो. तिसरी गाठ मधली. मी पतंग विकताना तिसरीवर बांधून द्यायचे.

आणि आता तो मुलगा. आपल्यातलाच आहे. ओळखलंत तर कृपा करून मनात ठेवा. चौदाव्या वर्षी आईनं त्याला माझ्याकडे पाठवला, "घरात बसून नुसता स्क्रीनकडे बघतो" म्हणून. सतराव्या वर्षी तो माझ्यापेक्षा चांगला उडवत होता. हे मी तेव्हा कुणाजवळ बोलले नाही, आता बोलते. माझे हात मोजून चालायचे, त्याचे ऐकून चालायचे. मी कागदावर आकृती काढून सराव करणारी बाई. तो डोळे मिटून गाणं ऐकायचा आणि बोटं हवेत हलवायचा.

सप्टेंबर २००९. किनारा सांगत नाही, आयोजकांचा यात काडीचा दोष नाही. त्याचा बॅले तीन मिनिटांचा, शेवटी तोच माझा वाइल्डवूडचा क्षण: पूर्ण उंचीवरून सरळ खाली आणि हातभर उंचीवर ठप्प. तीन महिने त्यानं फक्त तेवढ्यासाठी घासले होते. सकाळी गाडीतून सामान काढतानाच तो म्हणाला होता, "मावशी, तिसरीवरच ठेव हं. मला सवय झालीय."

मैदानावर माझं काम पतंगाजवळ. तो ८५ फुटांवर, पाठमोरा, हातात पट्टे चढवत. वारा सकाळी ताशी नऊ-दहा मैल होता, तो पडत पडत सहावर आला, मग पाच. माझ्या हातातल्या वातमापकाची पंखी फिरता फिरता मध्येच अडखळायची. तयारीला मिळणारा वेळ सेकंदांत मोजतात. मी गुडघ्यावर बसून टिटवी टोकांवर उभी केली, दोऱ्या ताणून बघितल्या, आणि तिसऱ्या गाठीमागचा फास सैल करून दुसरीमागे ओढला. आधी डावा, मग उजवा. नखानं ढकलायचा, ओढायचा, संपलं. पाच मिलिमीटर. त्याच्याकडे बघून अंगठा वर केला. त्यानंही केला.

मी ओरडून सांगू शकले असते. ८५ फूट म्हणजे काही गाव नाही. माझ्या पतंगांच्या नोंदवहीत लिहिणारी बाई इथे म्हणते की वेळ नव्हता. होता. मला वाटलं, सांगितलं तर तो बिथरेल, आणि नाही सांगितलं तर पतंगच त्याला सांभाळून नेईल. आणि खरं सांगायचं तर, मला वाटलं की हा पतंग माझा आहे.

त्यानं 'इन', म्हणजे आता सुरू, अशी आरोळी दिली आणि पहिली अडीच मिनिटं मी आयुष्यात बघितलेली सगळ्यात सुंदर अडीच मिनिटं होती. हेही सांगायला हवं, कारण मी अजून स्वतःशी भांडते ते याच मुद्द्यावर. तिसऱ्या गाठीवर त्या मेल्या हवेत तो पतंग वरच्या कोपऱ्यात तरलाच नसता. आधीच्या दोघांचे वाळूत बसले होते. पंचांपैकी एकीनं लिहिणं थांबवून वर बघितलेलं मी पाहिलं.

मग शेवटची उडी. नाक पुढे झुकलेला पतंग खाली येताना जास्त पळतो. माझ्या अंगठ्याला हे माहीत होतं, त्याच्या अंगठ्यांना नव्हतं. त्याच वेळी समुद्राकडून वाऱ्याचा एक झोत आला. मी मागवला नव्हता, पण आला. त्यानं हात झटकले ते अगदी वेळेवर, तिसऱ्या गाठीच्या वेळेवर. टिटवी नाकावर ओल्या वाळूत आपटली. कार्बनची कांडी मोडते तेव्हा वाळलेली शेंग फुटल्यासारखा आवाज येतो, फक्त फार मोठा. संगीत चालूच होतं. उरलेले ते सेकंद तो हात समोर धरून उभा राहिला, दोऱ्या ढिल्या.

सातांत सातवा.

तो चालत पतंगापाशी आला. मी आधीच फास परत तिसरीमागे सरकवला होता. हे वाक्य मी चार वेळा खोडलं आणि परत लिहिलं. त्यानं मोडका कणा कापडातून चाचपडून बघितला आणि म्हणाला, "सॉरी मावशी. तुझी टिटवी मोडली."

मी म्हणाले, "असू दे."

घरी पोचायला दोन तास लागले. पार्कवेवर टोलसाठी तो सुट्टी नाणी काढून देत होता. रात्री मी वहीत नोंद केली. माझ्या सगळ्या नोंदी तारीख, वारा, गाठ, निकाल अशा असतात. त्या दिवशीची अशी: 'वारा ५ ते ६, शेवटी झोत. गाठ २. थांबा उशिरा. उडवणाऱ्याची चूक.' शाई निळी. गाठ दोन, असं मी स्वतःच्या हातानं लिहिलंय, आणि त्याच ओळीत त्याची चूकही. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून गाठ खरी लिहिली आणि मग उरलेली ओळ कशी काय लिहवली, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या वसंतात तो आला नाही. कॉलेजचे अर्ज होते, हे खरं आहे, त्याच्या आईनं तेच सांगितलं. त्या वयाची मुलं सगळंच सोडतात, तबला सोडतात, भरतनाट्यम् सोडतात. मी त्या वर्षी दोन स्पर्धा केल्या. दोन्हींत पतंग उभा करणाऱ्या माणसाला मी दर वेळी परत जाऊन तपासत होते, इतकं की तो वैतागला. मग नावनोंदणी केली नाही. टिटवीची मागणी आली की खांद्याचं कारण सांगायचे. म्हणता म्हणता खांदा दुखायला लागला.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं केवढं केलंस. मीही दहा वर्षं हेच म्हणत होते. कुणी मेलं नाही. येवल्यात नायलॉन मांजानं माणसांचे गळे कापले जातात, इथे एक कांडी मोडली. पण मग तोच प्रश्न तुम्ही दर संक्रांतीला का विचारता, आणि मी दर संक्रांतीला खांदा का चोळते?

हे लिहायच्या आधी त्याला फोन केला. न विचारता दुसऱ्यांदा त्याचं काही हलवायचं नव्हतं. तो आता कॅलिफोर्नियात असतो. सगळं सांगितलं, फास परत सरकवला तेही. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं, कणा मोडला म्हणून तू गाडीत बोलत नव्हतीस." मी म्हटलं, नाही रे. तो म्हणाला, "ओके." परत थोड्या वेळानं, "कितवी गाठ म्हणालीस?"

"दुसरी."

"हं," म्हणाला. मग त्याची मीटिंग होती.

त्या 'हं'चा अर्थ मी आठवडाभर लावतेय. लिही म्हणाला, नाव नको म्हणाला, एवढंच पक्कं.

गेल्या रविवारी सँडी हुकच्या किनाऱ्यावर एकटीच गेले होते, एक जुनी टिटवी घेऊन. वारा पाचच्या आसपास. आधी तिसरीवर बांधली, दोनदा वाळूत बसली. मग दुसरीवर बांधली. उडाली.